हृदयविकार आणि कुळाची नोंद
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. आयुष्यभर मुलांना शिकविणारा एक मॅट्रिक शिक्षक आहे. तथापि ज्या विकाराने माझ्या घरातील दोन कर्ती माणसे नेली, त्याविषयी डॉक्टरांना विचारून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

हृदय सर्व देहाला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते ते त्यावर पसरलेल्या बारीक रोहिण्यांतून. रक्तातील कोलेस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ वाजवीपेक्षा वाढला, की तो रोहिणीच्या अस्तरात शिरून साठतो. तेथे दाह होतो व पुटे चढतात. एके दिवशी पुट फाटते, त्यावर रक्ताची गुठळी बनते, वाट बंद होते आणि हृदयाचा तेवढा भाग रक्तावाचून मरू लागतो. झटका क्षणाचा असतो. त्याची तयारी मात्र वर्षानुवर्षांची. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या तपासणीचा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय २२ च्या सुमारास, तरी शेकडा ७७ जणांच्या रोहिण्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या!

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाने या विकाराची कारणे उजेडात आणली : वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह, स्थूलता आणि बैठे जीवन. ही सारी आवरता येतात. वय आणि आनुवंशिकता मात्र आपल्या हाती नाहीत. वडील किंवा भाऊ ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण ६५ च्या आत या विकाराने ग्रस्त झाली असेल, तर इतरांनी अधिक सावध राहावे.

माझे वडील बावन्नाव्या वर्षी गेले. ‘अचानक गेले’ एवढेच घरात बोलले जाई. पुढे धाकट्या बंधूंच्या छातीत दडपण आले, घाम फुटला. आम्ही पित्त समजून सुंठ-साखर दिली. सकाळ त्यांनी पाहिली नाही. वडिलांचा आजार मी त्यांना वेळीच सांगितला असता तर, हा विचार मला अद्याप सोडीत नाही.

आपल्या कुलवृत्तांतात जन्म, विवाह व पदव्या यांची नोंद असते, व्याधींची नसते. प्रत्येक कुटुंबाने ती आपल्या वहीत करावी आणि मुलांना सांगावी. सोयरिकी मोडण्यासाठी नव्हे, तर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल वेळेवर तपासून घेण्यासाठी. आणि छातीत कळ आल्यास पहाटेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.