अनिश्चिततेचा भार कोणावर?

(किनारपट्टीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



समुद्राची पातळी नेमकी किती वाढेल, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने २०२१ साली जागतिक सरासरीचा अंदाज दिला. प्रदूषक वायू तातडीने आवरल्यास २१०० पर्यंत २८ ते ५५ सेंटिमीटर, मोकाट सोडल्यास ६३ ते १०१ सेंटिमीटर. हिमस्तर ढासळल्यास ही वाढ २ मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही त्यांनी नाकारलेली नाही.

या अनिश्चिततेचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो की, धोका सिद्ध झालेला नाही, तेव्हा बांधकाम होऊ द्यावे. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास सर्वसाधारणपणे मनाई केली होती. २०१९ च्या अधिसूचनेने चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागात ही मर्यादा ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. कोळीवाड्यातील घरांची अडचण खरी आहे आणि ती सोडविलीच पाहिजे. परंतु तिच्या आडून विश्रामधामांची रांग उभी राहता कामा नये.

धोक्याचा पुरावा कोळ्याने का द्यावा? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, वेल्लोरच्या चर्मोद्योगांसंबंधीच्या निकालात, सावधगिरीचे तत्त्व मान्य केले. आपली कृती निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योग करणाऱ्यावर आहे, असे त्या निकालाने सांगितले. आपली मागणी याहून वेगळी नाही.

दुसरी कसोटी अशी : चूक झाली तर माघार घेता येईल काय? दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट पुढची वाळू ओढून नेते. पुष्कळदा धूप शेजारच्या गावाकडे सरकते आणि होडी ओढावयास पुळण उरत नाही. भराव घालून बुजविलेले खाजण सहसा पुन्हा खाजण होत नाही. उलट कांदळवन राखले आणि अंदाज चुकला, तरी मासळीची पैदास होतच राहते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरूड भागांत उन्मळून पडल्या त्या कष्टाने जोपासलेल्या नारळी-पोफळी. बांधकामाचा नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती आपल्या समाजव्यवस्थेने केली आहे.

म्हणून गावोगावी भरतीरेषेची नोंद दरवर्षी ठेवा. मच्छीमार सोसायट्यांचा अनुभव किनारा-आराखड्यात समाविष्ट करून घ्या, आणि जनसुनावणीत हा एकच प्रश्न विचारा : अंदाज चुकला, तर किंमत कोण मोजणार?