सफरीचा पहिला दिवस
(मंडळाच्या तरुणांच्या सायकल-सफरीच्या पूर्वसंध्येस झालेले भाषण)



१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. सुमारे ७१,००० किलोमीटरांची मजल मारून १९२८ साली आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे परतले. त्यांचे धैर्य वंदनीय आहेच. परंतु मला स्मरण होते ते पहिल्या दिवशी सोबत निघालेल्या इतर तिघांचे.

यास कारण आहे. १९७९ साली आम्ही सात मित्र पुण्याहून सायकलींनी कोल्हापुरास निघालो. पहिला मुक्काम सातारा. कात्रजचा घाट चढताच आम्हां दणकट गड्यांना वेगाची धुंदी आली. एक कृश मित्र मागे पडला. 'येईल हळूहळू,' असे म्हणून आम्ही खंबाटकी ओलांडली. साताऱ्यास दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत त्याची वाट पाहिली. तो आला नाही. घरी परतल्यावर कळले की, शिरवळजवळ त्याचे चाक पंक्चर झाले होते आणि पंप आमच्यापाशी होता! एस.टी.च्या टपावर सायकल टाकून तो माघारी गेला. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही. परंतु पुन्हा सायकलीस हातही लावला नाही.

मुलांनो, उद्या सर्वांत मंद गड्यास पुढे ठेवा आणि पंप शेवटच्या गड्यापाशी असू द्या. आपल्या मंडळाची वाटचालही अशीच व्हावी, एवढे इच्छून मी आपली रजा घेतो.