तलंगा विकायची घाई नको

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणारे मला हमखास विचारतात, "साहेब, पाच महिने झाले, अजून अंडं नाही. विकून टाकू का?" मी म्हणतो, थांबा. पाच महिने दाणा तुम्ही घातलात, आता अंडी खाटकाने का खावीत?

आधी जात बघा. व्हाइट लेगहॉर्न 18 ते 20 आठवड्यांत अंड्यावर येते. आमच्या माळव्याकडची, झाबुआची कडकनाथ सहा महिने घेते.

मग खाद्य. घाईने लेअर मॅश सुरू करू नका. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. जास्तीचं तिच्या मूत्रपिंडाला बाधतं. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअरच द्या.

तिसरा उजेड. पावसाळ्यातली पिल्लं वयात येतात ती डिसेंबरात, तेव्हा इथे दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा. वय भरलं असेल तर खुराड्यात बल्ब लावा आणि दर आठवड्याला अर्धा तास वाढवत उजेड 14 तासांवर न्या. कोवळ्या तलंगांना मात्र हे करू नका. अंडी बारीक येतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

तुरा लालभडक झाला, पाठीवर हात ठेवताच ती दबून बसली, की समजा दिवस जवळ आले. कोपऱ्यात गवत घातलेलं खोकं ठेवा.

फौजेत कच्च्या रंगरुटाला आम्ही सीमेवर धाडत नाही. पण शिकून तयार होत आलेल्याला घरीही पाठवत नाही.