पाच तासांची लाट
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



वारासिवनीत बसून समुद्राची गोष्ट कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. भूकंप म्हटला की आपल्या भागाला २२ मे १९९७ची पहाट आठवते. जबलपूरकडे जमीन हलली आणि तिथलीच घरे पडली. आज मी ज्या भूकंपाविषयी बोलणार आहे, त्यात जमीन एकीकडे हलली आणि माणसे सुमारे बाराशे किलोमीटर दूर, आपल्या मुंबईत बुडाली.

तारीख २८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास कराचीच्या पश्चिमेला, मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट उत्तरेकडच्या युरेशियन भूपट्टाखाली सरकत असतो. कधीतरी अडलेला ताण सुटतो, समुद्राचा तळ उचलला जातो आणि त्यावरचे सगळे पाणी हलते. पसनी आणि ओरमारा ही किनाऱ्यावरची गावे उद्ध्वस्त झाली. कराची आणि मस्कतला जोडणारी समुद्राखालची तार तुटली.

मुंबईत पाणी पोचले सकाळी सव्वाआठला. सुमारे दोन मीटर उंचीची लाट. वर्सोवा, जुहू, दांडा, हाजी अली, सगळीकडे पाणी चढले. दांडा आणि जुहूला कोळ्यांच्या होड्या दोर तोडून वाहून गेल्या. शहरात पंधरा माणसे गेली. हवामान खात्याच्या पेंडसे यांनी पुढे या घटनेवर टिपण लिहिले, म्हणून एवढे तरी आपल्याला ठाऊक आहे. एरवी मुंबईचा इतिहास सांगणारेही ही सकाळ विसरतात.

आता हिशेब करा. साडेतीन ते सव्वाआठ, म्हणजे जवळजवळ पाच तास. तीन किलोमीटर खोल पाण्यात ही लाट ताशी सहाशे किलोमीटरने धावते. मग एवढा वेळ का लागला? कारण मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे. जिथे खोली ऐंशी मीटर, तिथे तिचा वेग ताशी शंभरावर येतो. आपल्याकडच्या पॅसेंजर गाडीहून जास्त खरा, पण माणसाला उंचावर जायला सवड देणारा. निसर्गाने पाच तास दिले होते. सांगणारे कोणी नव्हते.

ती व्यवस्था व्हायला २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी यावी लागली. त्यानंतर, २००७ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत इशारा केंद्र सुरू झाले. समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरची भरतीमापके पाहून ते काही मिनिटांत राज्यांना कळवते.

आपली कितीतरी मुले नोकरीसाठी मुंबईला आहेत, म्हणून दोन गोष्टी त्यांच्या कानावर घालाच. एक, पहिली लाट ओसरली म्हणून चौपाटीवर बघायला जाऊ नये. मागून येणारी मोठी असू शकते. दुसरी, किनाऱ्यावर जोराचा धक्का बराच वेळ जाणवला किंवा पाणी अचानक मागे हटले, तर इशाऱ्याची वाट पाहू नये, उंच जागी निघावे. होडीवाल्यांचे मात्र उलटे आहे. खोल समुद्रात ती लाट होडीला जाणवतही नाही. फुटतात त्या किनाऱ्याला बांधलेल्या होड्या. तेव्हा इशारा आला की दूरवर गेलेल्याने बंदराकडे परतायचे नसते.