सातबाऱ्यावर तिचें नांव

(शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या सभेंत बायका पुढें आणि पुरुष मागें बसले आहेत, हें पाहून मला बरें वाटलें. एरवीं बायकांची सभा म्हटली कीं हळदीकुंकू आणि चार उपदेश, एवढ्यावर ती आटोपते. मी उपदेश करण्यास आलों नाहीं, हिशेब मांडण्यास आलों आहें. आणि तो मुख्यतः मागें बसलेल्या मंडळींपुढें मांडावयाचा आहे.

आपल्या शेतांत काम कोण करतें तें आधीं पाहूं. नांगरट पुरुषाची, कुळवणी पुरुषाची. आतां तर तीहि पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरवाला करतो. पेरणीला तिफण हांकणारा पुरुष, पण चाड्यावर मूठ धरणारी बाई. त्यापुढें भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणें, बियाणें राखेंत घोळून ठेवणें, जनावरांचें शेणघाण आणि धारा, हें सारें कोणाचें? घरीं आल्यावर चूल पुन्हां तिचीच. कुंभाराच्या घरीं चाक फिरवितो तो कुंभार. माती चाळणारी, मळणारी आणि डोक्यावर मडकीं घेऊन बाजार गांठणारी मात्र नुसती कुंभाराची बायको. विणकराच्या घरीं कांड्या भरणारे हात थांबले तर धोटा एक दिवसहि चालणार नाहीं. पण विणकर म्हणून सोसायटींत नांव नवऱ्याचें.

आतां तलाठ्याच्या दप्तरांत चला. २०१५-१६ सालच्या कृषिगणनेंत सगळ्या देशांत शंभर वहितीदारांमागें बायका निघाल्या सुमारें १४. बाकीच्या शेतांत राबत होत्या, पण कागदावर नव्हत्या.

कोणी म्हणेल, नांव कोणाचेंहि असो, भाकरी एकाच चुलीवरची आहे ना? भाकरी एक असेल. पण पीककर्ज मिळतें सातबारा पाहून. २०१९ पासून केंद्र सरकारनें शेतकरी कुटुंबास सालाचे ६,००० रुपये देण्यास सुरवात केली, तेहि जमिनीच्या नोंदीवरून. नवरा धडधाकट आहे तोंवर बाईच्या हें ध्यानांत येत नाहीं. तो गेला, कीं तेरावा होण्याच्या आंत दीर विचारतो, "वहिनी, आतां तुम्ही माहेरीं जाणार कीं कसें?" मग वारसनोंदीसाठीं खेटे सुरू होतात, आणि तोंवर पेरणीचा वाफसा निघून जातो. विदर्भांत नि मराठवाड्यांत ज्यांच्या घरधन्यानें आत्महत्या केली अशा किती बायांनीं हें भोगलें आहे. वीस पावसाळे जेथें राबली तेथेंच ती उपरी ठरते.

हा बायकांचा प्रश्न झाला, त्यांत आमचें काय, असें मागची मंडळी मनांत म्हणत असतील. त्यांनीं जरा दूरची एक गोष्ट ऐकावी. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचें राज्य संपत आलें, तेव्हां काळ्या म्हाताऱ्या माणसांचें पेन्शन गोऱ्यांच्या बरोबरीला आणण्यांत आलें. एकाच घरांत नातवंडें, आजा, आजी. पुढें एस्थर डुफ्लो नांवाच्या विदुषीनें (यांना २०१९ सालीं नोबेल मिळालें) मुलांचीं वजनें आणि उंची यांचा ताळा घेतला, व २००३ सालीं तो प्रसिद्ध केला. ज्या घरीं पेन्शन आजीच्या हातीं पडे, तेथील नाती अंगानें सुधारल्या होत्या. आजाच्या हातीं पडे, तेथें तसा फरक दिसला नाहीं. पैसा तोच, घरेंहि तशींच. आजा वाईट होता असें कोणी समजूं नये. पण डब्यांत पीठ किती उरलें, पोरीच्या ताटांत दूध कां नाहीं, हें ज्याला रोज दिसतें त्याच्या हातीं रुपया गेला कीं त्याला वाट लवकर सांपडते.

दुसरी गोष्ट आपल्याच देशांतली, केरळांतली. तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनीं विवाहित स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ सालीं छापून आली. ज्यांच्या नांवें जमीन नाहीं आणि घरहि नाहीं, अशा शंभर जणींपैकीं ४९ जणींनीं नवऱ्याचा मार खाल्ला होता. ज्यांच्या नांवें दोन्ही होतीं, त्यांच्यांत शंभरांत ७. नांव लागलें म्हणून नवऱ्याचा स्वभाव पालटला असें मी म्हणत नाहीं. या बाईला जाण्यास दुसरें ठिकाण आहे, हें त्याला ठाऊक झालें, म्हणून हात आवरला. आणि राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेनें २०११ सालीं असा अंदाज दिला, कीं गरीब देशांतल्या शेतकरी बायांना पुरुषांइतकेंच बी, खत, कर्ज आणि अवजार मिळालें, तर त्यांच्या शेतांतलें उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनीं वाढेल. हें धान्य काय बायकाच खाणार आहेत?

कायद्यानें आपलें काम बरेंच केलें आहे. हिंदु कोड बिल अडलें हें एक कारण सांगून बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५१ सालीं मंत्रिपद सोडलें. १९५६ सालीं वारसाचा कायदा झाला, १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं सगळ्या देशानें मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलासारखा जन्मतः हक्क दिला. २०२० सालीं सुप्रीम कोर्टानें उरलेली शंकाहि फेडली. पण आपण भाऊ मंडळी कायद्याहून हुशार! आपण हक्कसोडपत्र शोधून काढलें.

येथें दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा मला अधिकार नाहीं. वडिलांच्या मागें सहा एकर जमीन राहिली. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. म्हणजे प्रत्येकीं दोन एकर. बहिणीला दिवाळीला बोलाविलें, साडी घेतली, आणि भाऊबीज झाल्यावर कचेरींत नेऊन तिची सही घेतली. ज्या वर्षीं मीं जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालून भाषण ठोकलें, तेंच हें वर्ष. सही करितांना तिनें एवढेंच विचारलें, "दादा, माहेर तर राहील ना?" पुढें तिच्या नवऱ्याचें दुखणें निघालें. तिनें मंगळसूत्र मोडलें. मीं पांच हजार रुपये नेऊन दिले, आणि नातेवाइकांत दानशूर ठरलों. तिच्या एका एकराचें पीक मी त्या वर्षींहि घरीं आणलें होतें.

बहिणींना वांटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील, असें आपण म्हणतों. चार भावांत होतात तेव्हां हें आठवत नाहीं. ज्याला एकत्र कसावयाची आहे त्यानें बहिणीचें नांव ठेवून तिला दरसाल खंड द्यावा, कोण अडवितो?

आणि हें पूर्वीं झालेलें आहे. १९८६ सालीं चांदवडला शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें. पुढें शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची हांक दिली, आणि शेंकडों गांवांतल्या शेतकऱ्यांनीं आपल्या खुषीनें जमिनीचा तुकडा बायकोच्या नांवें केला. ते कोणी जहागीरदार नव्हते, तुमच्याआमच्यासारखे कर्जबाजारी कुणबीच होते. १९९२ सालीं सरकारनें त्याच नांवाची योजना काढून नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचें नांव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट केली. ज्यांना जमीन नाहीं, त्या कारागिरांनीं निदान घराकडे पहावें. माग आणि चाक घरांतच असतें. ग्रामपंचायतीच्या दप्तरीं घर नवराबायको दोघांच्या नांवें लावण्याचा निर्णय २००३ सालींच झाला आहे. किती घरांवर तशी नोंद आहे, तें उद्यां उतारा काढून ज्यानें त्यानें पहावें.

मीं आपल्यापुरता अर्ज लिहिला आहे. दोन एकरांवर बायकोचें नांव सोबतीला लावावयाचें, आणि बहिणीचा माझ्याकडे आलेला एकर तिला परत करून द्यावयाचा. धाकटा भाऊ अजून राजी नाहीं. त्याच्याशीं भांडण चालू आहे. बहिणीला मागल्या आठवड्यांत फोन केला. बराच वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, "घरांत विचारून सांगतें."