मुरलीकांत पेटकर आणि शाळेतील खेळाचा तास
(नालासोपारा येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



खेळाचा तास म्हटला की शाळेच्या अंगणात उत्साहाला उधाण येते. घंटा वाजावयाचा अवकाश, मुले वर्गातून बाणासारखी बाहेर पडतात. नालासोपाऱ्यासारख्या दाट वस्तीच्या गावी मोठे मैदान दुर्मीळ झाले आहे. तरीही दोन दप्तरांचा गोल होतो, फाटका चेंडू मिळतो आणि फुटबॉलचा सामना रंगतो. परंतु अशा प्रत्येक अंगणात भिंतीला टेकून बसलेले एखादे मूल असते. त्याच्या पायात बळ नसते, किंवा त्याला दम लागतो, किंवा त्याला कमी दिसते. इतरांच्या चपला व दप्तरे सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते. कोणी त्याला मुद्दाम दुखवीत नाही. उलट सर्व जण त्याच्याशी ममतेनेच वागतात. पण ज्या ममतेमुळे मूल आयुष्यभर प्रेक्षक राहते, ती ममता त्याच्या हिताची आहे काय, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावयास हवा. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील एका खेळाडूचे चरित्र फार उपयोगी पडेल.

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1944 रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरच्या परिसरात झाला. तो मुलूख तालमींचा. खेड्यातील मुलाला खेळ म्हणजे लाल माती आणि लंगोट एवढेच ठाऊक असावयाचे. पेटकरांचाही प्रारंभ कुस्तीने झाला. पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि इलेक्ट्रिकल व मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात कारागीर जवान म्हणून काम करू लागले. तेथे त्यांनी मुष्टियुद्ध आत्मसात केले. कुस्तीने दिलेले खांदे, मनगट व तोल त्यांना मुष्टियुद्धात उपयोगी पडले. एका खेळात कमावलेले दुसऱ्या खेळात वाया जात नाही, हा त्यांच्या चरित्रातील पहिला धडा होय.

1965 साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्या युद्धात पेटकरांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. त्यांपैकी एक मणक्यात रुतून बसली. ऐन एकविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुष्टियोद्ध्याचे पाय निकामी झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याच्यावर असा आघात झाल्यावर मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

शरीराला व्यायाम मिळावा म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. त्यामागील शास्त्र साधे आहे. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या देहाचा बहुतेक भार पाणी उचलते. जमिनीवर जे पाय ओझे होतात, ते पाण्यात तरंगू लागतात आणि हात व छाती यांच्या बळावर माणूस पुढे सरकू शकतो. पेटकरांजवळ मुष्टियुद्धाने घडविलेले हात होतेच. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे हळूहळू साधना झाले. त्याचबरोबर त्यांनी टेबल टेनिसची बॅट उचलली, भाला घेतला, गोळा घेतला. एक दार बंद झाले म्हणून हा माणूस उंबऱ्यावर बसून राहिला नाही. घराला आणखी किती दारे आहेत, हे तो चाचपून पाहत राहिला.

1968 साली इस्राएलमधील तेल अवीव येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा भरल्या. भारताने त्या स्पर्धांत प्रथमच भाग घेतला. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी ओलांडून थांबले. पदक मिळाले नाही. पुढील चार वर्षे त्यांनी सराव चालू ठेवला. परदेशी जाण्याचा खर्च ही त्या काळी मोठीच अडचण होती. विख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने या कामी साहाय्य केले. एका खेळाच्या दिग्गजाने दुसऱ्या खेळातील उपेक्षिताला हात द्यावा, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

1972 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पुढील स्पर्धा झाल्या. तेथे पेटकर चार प्रकारांत उतरले. भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीवरून अडथळ्यांमधून वाट काढण्याची शर्यत, या तिन्हींत त्यांनी अंतिम फेरी गाठली. चौथा प्रकार 50 मीटर पोहण्याचा. ते अंतर त्यांनी 37.33 सेकंदांत कापले. तो त्या गटातील जागतिक विक्रम ठरला आणि सुवर्णपदक त्यांच्या गळ्यात पडले. त्यापूर्वी हॉकी संघाने भारताला ऑलिंपिकची सुवर्णपदके मिळवून दिली होती. परंतु ऑलिंपिक व पॅरालिंपिक या दोन्ही स्पर्धा मिळून एकट्याच्या बळावर सुवर्ण जिंकणारे पेटकर हे पहिले भारतीय होत. ऑलिंपिकमध्ये असे वैयक्तिक सुवर्ण भारताला मिळाले ते 2008 साली, अभिनव बिंद्रा यांच्या रूपाने. म्हणजे हायडेलबर्गनंतर 36 वर्षांनी.

आता या कथेचा उत्तरार्ध. पेटकरांनी पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. देश त्यांना जवळजवळ विसरला. 2018 साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले, तेव्हा हायडेलबर्गच्या पदकाला 46 वर्षे झाली होती. 2024 साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट निघाला. जानेवारी 2025 मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. मान उशिरा आला, पण सराव मानासाठी थांबला नव्हता. वर्गातील ज्या मुलाला बक्षीस मिळत नाही, त्याला ही गोष्ट अवश्य सांगावी. बक्षिसाच्या आशेने केलेला अभ्यास बक्षीस हुकले की संपतो. गोडीने केलेला अभ्यास टिकतो.

अपंगांच्या या स्पर्धांचा उगमही शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. लुडविग गुटमन हे जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आश्रय घेतलेले डॉक्टर. स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर ते उपचार करीत. अशा रुग्णांचे आयुष्य थोडेच उरले, अशी तेव्हा समजूत होती. गुटमन यांनी खेळ हेच औषध मानले. 29 जुलै 1948 रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचा प्रारंभ झाला त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्या रोपट्याचा 1960 साली रोममध्ये वृक्ष झाला. सोळा जण आणि एक हिरवळ एवढीच ती सामग्री होती. नालासोपाऱ्यातील कोणत्याही शाळेजवळ याहून फारसे कमी नाही.

येथे कोणी विचारील, एकाच खेळात प्रावीण्य मिळवावे की अनेक खेळ खेळावेत? ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे आहेच. तिचा इशारा खरा आहे. पण तो अर्धवट कामाविरुद्ध आहे, विविधतेविरुद्ध नव्हे. फुटबॉलचेच उदाहरण घ्या. चुनी गोस्वामी हे 1954 ते 1968 पर्यंत मोहन बागानच्या एकाच संघातून खेळले. 1962 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून सुवर्ण मिळविले, त्या संघाचे ते कर्णधार होते. हेच गोस्वामी बंगालतर्फे क्रिकेटही खेळले. 1966 साली इंदूर येथे वेस्ट इंडीजच्या बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनी सामन्यात आठ बळी घेतले, आणि 1971-72 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर बंगालचे नेतृत्व केले. फुटबॉलच्या मैदानावर सतत पळून कमावलेला दम गोलंदाजाला उपयोगी पडतो. बारा वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. त्याच्या हाडामांसाची वाढ व्हावयाची असते. त्याला धावणे, उडी, फेक, झेल, तोल असे सर्व काही हवे. कोणता खेळ आपला, हे त्याला पुढे आपोआप कळेल.

मग शाळेत करावयाचे काय? मोठ्या खर्चाची गरज नाही. पुढील गोष्टी कोणत्याही शाळेला करता येतील.

पहिली गोष्ट, नियम मुलासाठी बदलावा. मुलाला नियमासाठी वगळू नये. फुटबॉलच्या सामन्यात ज्याला पळता येत नाही, त्याला लहान केलेल्या गोलात गोलरक्षक म्हणून बसवावे. बाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकण्याचा मान दोन्ही बाजूंनी त्यालाच द्यावा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूला घुंगरू बांधावे. इतर मुले असे बदल फार लवकर स्वीकारतात. किंबहुना नवे नियम तीच सुचवितात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलाची नोंद त्याच्या स्वतःशीच ताडावी. एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि एक वही पुरे. बसल्या जागेवरून चेंडू किती दूर फेकला, किती झेल घेतले, हे दर आठवड्याला लिहावे. भिंतीशी बसणाऱ्या मुलाची फेक महिन्याभरात वाढल्याचे आकड्यांत दिसले, की त्याचा चेहरा काय बोलतो ते पाहावे.

तिसरी गोष्ट, पालकांशी बोलावे. नालासोपाऱ्यात दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली कुटुंबे राहतात. आईवडील पहाटे लोकल गाठतात आणि रात्री परततात. मुलाला इजा होईल या भीतीने ते खेळाला नको म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, काय करावयाचे व काय टाळावयाचे हे ठरवावे, आणि मग पालकांना एकदा खेळ पाहण्यास बोलवावे.

चौथी गोष्ट, हे काम उपकार नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा शाळांना सांगतो की, अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळाची व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. म्हणजे खेळाच्या तासाला भिंतीशी बसलेल्या मुलाचा हक्क रोज बुडत असतो.

शिक्षकांच्या अडचणी कोणास ठाऊक नाहीत असे नाही. वर्ग मोठे, अंगण लहान, कागदपत्रांचे काम अपार. कित्येक शाळांत खेळाचा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात गणिताच्या पोटात जातो. तरीही आठवड्यातून दोन तास जर खरोखर पाळले आणि त्यांत एकही मूल बाहेर राहू दिले नाही, तर तेवढ्यानेही पुष्कळ साधेल. प्रत्येक मूल विजेता होणार नाही. होण्याची गरजही नाही. पेटकरांसारखी चिकाटी शिकविता येते की नाही, याविषयी मतभेद असू शकतील. पण चिकाटी दाखविण्यास जागा देणे, ही गोष्ट सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे. पेटकरांच्या हातांत बळ होतेच. कोणीतरी त्यांना पाण्यापर्यंत नेले, तेव्हा ते बळ दिसून आले.

उद्याच्या खेळाच्या तासाला प्रत्येकाने प्रथम भिंतीकडे पाहावे. तेथे कोण बसले आहे ते हेरावे, आणि त्याच्या हाती चेंडू द्यावा.