कॅमेरा आपल्या मुलांच्या हाती

(कट्टा येथे संघाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मी मनापासून अभिनंदन करतो. मी बँकेत कारकून आहे. दिवसभर आकड्यांत बसणारा माणूस चित्रपटावर काय बोलणार, असे काहींच्या मनात येईल. पण मी कलाशाखेचा विद्यार्थी होतो, आणि आज मी आपल्यापुढे एक प्रस्ताव घेऊन उभा आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी संघाने बारा दिवसांचे चित्रपटनिर्मिती शिबिर घ्यावे, हा तो प्रस्ताव.

शिबिर म्हटले की आपल्याकडे इंग्रजी संभाषण, गणित, स्पर्धा परीक्षा ही नावे पुढे येतात. ती आवश्यकच आहेत. परंतु गुणांच्या बाबतीत आपला भाग मागे नाही. कोकणचे स्वतंत्र विभागीय मंडळ 2012 साली कामाला लागले आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात हा विभाग राज्यात अग्रस्थानी राहिला आहे. तरीही मुलाखतीला गेलेला आपला मुलगा चार माणसांसमोर गप्प होतो. पाहिलेली गोष्ट नीट क्रमाने सांग म्हटले तर अडखळतो. लिहिलेले पाठ असते, पण पाहिलेले सांगता येत नाही. ही उणीव शिकवणीच्या वर्गात भरून निघणार नाही. त्यासाठी पाहण्याचे आणि सांगण्याचे शिक्षण हवे, आणि चित्रपट करताना ते शिक्षण आपोआप घडते.

चित्रपट म्हणजे श्रीमंतांचा खेळ, हा समज आधी दूर करू. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठले आणि 1912 साली कॅमेरा आणला. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून दाखवली. दाणा रुजतो, कोंब फुटतो, वेल वर चढतो, एवढेच ते चित्र. मग 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला गेला. त्यात रोहिदासाचे काम त्यांच्याच मुलाने, भालचंद्रने केले. पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत आणि सगळ्या मंडळींचे जेवणही सांभाळत. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः तयार केला. तात्पर्य, हा धंदा आपल्याकडे घरगुती कारखान्यासारखा सुरू झाला. पैसा मागाहून आला.

आज परिस्थिती कितीतरी सोपी आहे. फाळक्यांचा पहिला चित्रपट सुमारे 3,700 फूट लांबीचा होता. त्यातला प्रत्येक फूट विकत घ्यावा लागे, धुवावा लागे, आणि बिघडला तर वाया जाई. आपल्या घरातल्या साध्या मोबाइलमध्ये आज चित्र, आवाज आणि जोडणी या तिन्ही गोष्टी होतात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटनेही काळाची ही पावले ओळखली. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात 1960 साली सुरू झालेली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जोडीने उन्हाळ्यात महिनाभराचा चित्रपट-रसास्वाद वर्ग घेत आली. 2017 पासून तिने पुण्याबाहेर ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रम नेले आणि त्यांत मोबाइलवर चित्रपट करण्याचे शिक्षणही दिले. पण शहर गाठणे, तेथे राहणे, फी भरणे हे आपल्या वाडीतल्या नववीच्या मुलीला जमणारे नाही. मुलगी तेथे जाऊ शकत नसेल, तर ते शिक्षण मालवण-कसाल रस्त्यावरच्या आपल्या कट्ट्याला आणले पाहिजे.

मित्रहो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कॅमेरा कोणाच्या हाती आहे, यावर चित्र ठरते. सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या अध्यापिका आणि संशोधक. ज्या स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास केला, त्यांनाच तो अभ्यास वाचता येत नाही, हे त्यांना खटकले. म्हणून 1985 साली त्यांनी झोपडपट्टीतल्या एका स्त्रीवर ‘बाई’ हा लघुपट केला. त्यांनी चित्रपटाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, सांगण्याची निकड मात्र होती. पुढे विद्यार्थ्यांच्या प्रश्नावरचा ‘दहावी फ’ हा चित्रपट त्यांनी सुनील सुकथनकरांबरोबर 2002 साली दिला.

नागराज मंजुळे यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा हा तरुण अहमदनगरला संज्ञापन शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट करतो. शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या एका भटक्या समाजातल्या मुलाची ती गोष्ट. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. त्यानंतर 2013 साली ‘फँड्री’ येतो. त्यात जब्याचे काम करणारा सोमनाथ अवघडे हा कोणी नट नव्हता, सोलापूर जिल्ह्यातलाच शाळकरी मुलगा होता. त्यालाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डुक्कर खांद्यावर घेऊन चाललेले कुटुंब आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र, हे दृश्य ज्याने पाहिले तो विसरला नाही. ते दृश्य बाहेरून आलेल्या माणसाला सुचले नसते. ते जीवन ज्याने जवळून पाहिले, त्यालाच ती भिंत कोठे उभी आहे हे माहीत होते.

आणखी एक उदाहरण देतो, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. आजच्या तेलंगणात जहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था दलित शेतकरी स्त्रियांबरोबर काम करते. या स्त्रिया व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते. बियाणे, भरड धान्ये, कपाशीचे नुकसान या विषयांवर त्यांनी स्वतः चित्रफिती केल्या. कॅमेऱ्याच्या कोनांची इंग्रजी नावे त्यांना परकी वाटली, म्हणून त्यांनी आपली नावे ठेवली. वरून खाली पाहणारा कॅमेरा म्हणजे पाटलाचा शॉट, कारण जमीनदार माणसाकडे तसाच पाहतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट. आणि समोरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर धरलेला कॅमेरा म्हणजे संघम शॉट, कारण त्यांच्या संघात सगळ्या एका जाजमावर बसतात, कोणी उंच नाही, कोणी खाली नाही. ज्यांना निरक्षर म्हणून बाजूला सारले, त्यांनी चित्रपटाचे व्याकरण एका वाक्यात सांगितले. आपल्या शिबिराचा पहिला धडा मी हाच ठेवीन.

आजवर आपल्या वस्तीचे फोटो कोणी काढले? निवडणुकीला आलेल्यांनी, योजनेची पाहणी करणाऱ्यांनी, क्वचित वर्तमानपत्रवाल्यांनी. त्यांत आपण बहुधा रांगेत उभे असतो, नाहीतर हात जोडलेले असतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा मालवणचा किनारा साऱ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिला. पण आतल्या वाड्यांतली उडालेली कौले, आडवी झालेली आंब्या-काजूची झाडे आणि विजेवाचून काढलेल्या रात्री किती जणांनी नोंदवून ठेवल्या?

याहून तातडीची गोष्ट आपल्या वृद्धांची आहे. 1956 च्या धर्मांतराच्या वेळी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. मुंबईच्या चाळीत दहा-बारा जणांत एक खोली करून राहिलेले, गिरणीत पाळी केलेले, 1982 चा संप सोसून गावी परतलेले लोक आपल्या वाड्यावाड्यांतून ओटीवर बसलेले दिसतात. त्यांचे बोलणे मालवणीत आहे आणि ते कोणत्याही पुस्तकात नाही. बँकेत एखादी नोंद राहिली तर दुसऱ्या दिवशी करता येते. माणूस गेल्यावर ही नोंद करता येणार नाही. ही दहा-वीस वर्षांची मुदत नाही, दोन-चार उन्हाळ्यांची आहे.

आता शिबिराची रूपरेषा सांगतो. तीस मुले, पाच-पाच जणांचे सहा गट. प्रत्येक गटाकडे एक मोबाइल, एक तिकाटणे आणि गळ्याशी लावायचा एक साधा माइक. मोबाइल पालकांपैकी कोणाचा तरी घ्यायचा आणि काम चालू असताना त्याचे नेट बंद ठेवायचे. पहिले तीन दिवस कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे. विहिरीवर कोण किती वाजता येते, कोकम फोडताना हात कसे चालतात, एसटीच्या थांब्यावर माणसे काय बोलतात, हे वहीत उतरवायचे. चौथ्या दिवशी गटाने एक विषय ठरवून तो एका पानात मांडायचा. मग चार दिवस चित्रण, तीन दिवस जोडणी, आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी सर्वांसमोर प्रदर्शन. चित्रपट तीन मिनिटांचा, त्याहून मोठा नाही. तीन मिनिटांत एक गोष्ट खरी सांगता आली तरी पुष्कळ झाले.

काही साध्या गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मोबाइल आडवा धरावा. मेच्या भर दुपारच्या उन्हात चेहरे काळे पडतात, म्हणून सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर चित्रण करावे. लांबचे, मधले आणि जवळचे अशी तिन्ही दृश्ये घ्यावीत, म्हणजे जोडताना अडत नाही. आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. चित्र थोडे हलले तर लोक चालवून घेतात, बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातात. आणि दिवसअखेर आम्ही रोख मोजतो, तसे प्रत्येक गटाने त्या दिवसाचे चित्रण तपासून, दुसऱ्या ठिकाणी उतरवून, यादीत नोंदवूनच घरी जावे.

पालकांच्या शंका मला ठाऊक आहेत. पहिली शंका मोबाइलची. मुले आधीच त्यात डोके घालून बसतात, त्यात हे आणखी कशाला? माझे उत्तर असे की मोबाइल मुलांच्या हातून काढून घेणे आता आपल्या हाती राहिलेले नाही. तो दुसऱ्याची चित्रे पाहण्यासाठी वापरायचा की स्वतःचे काम करण्यासाठी, एवढे तरी आपण शिकवू शकतो. तीन मिनिटांसाठी बारा दिवस राबलेला मुलगा पुढे पडद्यावरची प्रत्येक गोष्ट खरी मानणार नाही. ती कशी जुळवली असेल, हे तो पाहील.

दुसरी शंका मुलींची. मुली गावभर कॅमेरा घेऊन फिरल्या तर लोक काय म्हणतील? ‘राजा हरिश्चंद्र’ला काम करणारी स्त्री मिळाली नाही, म्हणून तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. पण त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. लोक तेव्हाही बोलले असतीलच. शंभर वर्षांनंतर आपण त्याच प्रश्नावर अडून बसायचे काय? माझा आग्रह आहे की प्रत्येक गटात निम्म्या मुली असाव्यात आणि किमान तीन गटांत कॅमेरा मुलीच्या हाती असावा. मुलींना केवळ चहा-नाश्त्याची आणि हजेरीची जबाबदारी देऊन चालणार नाही.

तिसरी शंका खर्चाची. तिकाटणी आणि माइक काही हजारांत येतील, आणि ती पुढच्या वर्षीही उपयोगी पडतील. जोडणीसाठी लागणारी सोय मोबाइलवर विनामूल्य मिळते. मे महिन्यात आपले चाकरमानी बांधव कुटुंबासह गावी येतात. त्यांच्यात संगणक जाणणारे, छायाचित्रण जाणणारे तरुण आहेत. त्यांनी दोन-दोन दिवस दिले तरी काम भागेल. त्यांची मुंबईची मुले आणि इथली मुले एका गटात आली, तर दोघांचाही फायदा होईल.

एक पथ्य मात्र कडक पाळावे लागेल. ज्याचे चित्रण करायचे त्याची परवानगी आधी विचारायची, आणि चित्रपट तयार झाल्यावर तो सर्वांत आधी त्यालाच दाखवायचा. तो म्हणाला की हे काढा, तर काढायचे. कोणाचे दुःख, कोणाची गरिबी टाळ्यांसाठी वापरायची नाही. पालकांच्या संमतीशिवाय काहीही बाहेर पाठवायचे नाही. आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले गेले, त्याच नजरेने आपण दुसऱ्याकडे पाहू लागलो, तर शिबिर वाया गेले असे मी समजेन.

शेवटी विद्यार्थ्यांना सांगतो. या शिबिरातून तुमच्यापैकी कोणी दिग्दर्शक होईलच असे आश्वासन मी देत नाही. झाला तर आनंदच आहे. कोकणात चित्रित झालेल्या अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात जे पारितोषिक मिळाले, ते देणाऱ्या परीक्षक मंडळात सगळी तुमच्याच वयाच्या आसपासची मुले होती. मुलांना चित्रपटातले कळते, हे जगाने मान्य केले आहे. आपण घरच्यांनी ते मान्य करायचे बाकी आहे.

संघाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की या प्रस्तावाचा विचार पुढच्याच बैठकीत व्हावा आणि सुट्टी लागण्यापूर्वी नावे नोंदवून घ्यावीत. शिबिराच्या हिशेबाचे आणि नोंदवहीचे काम मी आनंदाने करीन, ते मला येते. विद्यार्थ्यांनी मात्र आजपासूनच एक काम करावे. आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापाशी जाऊन बसावे, त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर, आणि त्याला एक प्रश्न विचारावा. उत्तर वहीत लिहून ठेवावे. मे महिन्यात त्याच पानापासून आपण सुरुवात करू.